घरच्यांसाठीचं कुलूप

हैदराबादला बिऱ्हाड मांडलं, त्या पहिल्याच सकाळी मी खाली घरमालकांकडे वाटीभर साखर मागायला गेले आणि रिकामी वाटी हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिले. घरमालकांच्या पत्नी, ज्यांना मी त्या दिवसापासून काकू म्हणू लागले, मला पाट देऊन म्हणाल्या, "बसा जरा. मालक आंघोळीला गेलेत. ते आल्याबिगर साखर कशी निघंल?" मला वाटलं, साखर फळीवर उंच ठेवली असेल. थोड्या वेळानं मालक आले. पंचा नेसलेले, खांद्यावरून पाणी ठिबकतंय, आणि कमरेच्या करदोट्याला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. त्यांनी फडताळातून साखरेचा डबा काढला. डब्याला कडी होती आणि कडीला कुलूप होतं. जुडग्यातली नेमकी किल्ली न बघता काढून त्यांनी डबा उघडला, वाटी भरली, डबा लावला आणि कुलूप ओढून पाहिलं. नुसतं ओढलं नाही, त्याला लोंबकळलेच म्हणा ना. मी पुण्याची. हातचं राखून वाढण्याबद्दल आमचं जगात नाव आहे. पण कुलपातली साखर पाहून मीसुद्धा तोंडात बोट घातलं.

त्या घरानं मला दिलेला हा पहिला धक्का. पुढे इतके बसले की सवय व्हायला हवी होती. झाली नाही. शेवटचा तर अजून पुरता ओसरलेला नाही.

देशाची दारं नुकतीच बाहेरच्या कंपन्यांना उघडली होती ते दिवस. आमच्या ह्यांना कॉम्प्युटरमधली नोकरी लागली आणि बरकतपुऱ्यात आम्ही वरचा मजला भाड्यानं घेतला. मला नारायणगुड्याच्या एका शाळेत गणित शिकवायचं काम मिळालं. खाली मालक, काकू आणि त्यांची धाकटी लेक. थोरली लग्न होऊन गेलेली. घराणं मूळचं नांदेडकडच्या खेड्यातलं, शेतीवाडीचं. मालकांचे वडील निजामाच्या राज्यात हैदराबादला आले ते इथलेच झाले. घरमालकांना सगळे 'मालक'च म्हणत. काकू म्हणत, दूधवाला म्हणे, पोस्टमनही म्हणे. जन्मभर ते एका सरकारी गोदामाचे भांडारपाल होते. त्यांच्या अख्ख्या नोकरीत गोदामातली टाचणी हलली नाही, असं ते सांगत. किल्ल्या सांभाळत निवृत्त झाले आणि सरकारनं किल्ल्या परत घेतल्यावर घरी त्याहून जास्त करून घेतल्या.

फोनच्या तबकडीला कुलूप होतं. फ्रिजला होतं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाला होतं, म्हणजे आम्ही वरून डोकावून पाणी चोरू नये. टीव्हीच्या लाकडी शटरला आधी एक होतं. केबल आली तशी त्यांनी दुसरं लावलं. मी विचारलं, "दुसरं कशाला?" तर म्हणाले, "चॅनेलं वाढली की." एकदा फाटकाला त्यांनी बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ल्या आत ओट्यावर राहिल्या. भर उन्हात रस्त्यावर उभे राहून ते स्वतःच्याच फाटकाशी भांडत होते. मी आतून जुडगा नेऊन दिला तर आभार राहिले बाजूला, वर विचारलं, "तुमच्या हातात माझ्या किल्ल्या कशा आल्या?"

मी एकदा चिडून म्हटलं होतं, "मालक, आपल्या गल्लीत कधी चोरी झाल्याचं ऐकलं नाही. मग एवढी कुलपं कुणासाठी?"

त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "मास्तरीणबाई, कुलूप चोरासाठी नसतंय. चोराचं काय, तो भिंत फोडंल, कौलं काढंल. कुलूप घरच्यासाठी आस्तंय. घरच्या माणसाचं मन चळू नये म्हणून."

हे त्यांचं आवडतं वचन. दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ते ऐकावं लागायचं. काकूंना बहुतेक वेळा.

त्यांना जुमानत नसे ती एकटी यादम्मा. मालकांच्या थोरल्या लेकीचं बारसंही झालं नव्हतं तेव्हापासून ती त्या घरात काम करत होती. दोन्ही मुली तिच्या कडेवर वाढल्या. तेलुगू तिची घरची भाषा, पण मालकांशी ती हैदराबादी हिंदीत बोले, आणि बोले म्हणजे झाडूनच काढी. एकदा मालकांनी फिनेलची बाटली कुलपात ठेवली, तर ही पायरीवर पाय पसरून बसली. "झाडू बी ताले में रख देव साब. मैं घर जाके सोती." मालक निमूट उठले आणि बाटली काढून दिली. तिच्यापुढे त्यांची मात्रा चालत नसे, आणि ते त्यांना मनातून आवडतही असावं, असा माझा समज होता.

मालकांचा आणखी एक छंद म्हणजे पुरचुंड्या. जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून ठेवलेल्या असायच्या आणि ते त्यात काहीही बांधायचे. डोकेदुखीच्या गोळ्या, वेलदोडे, जादा बटणं, देवाचा अंगारा. वर एक विलक्षण गाठ. लहानपणी वडिलांनी बैलाचं दावं बांधताना शिकवलेली ती गाठ होती. मालकांनी एक टोक धरून ओढलं की फटकन सुटायची, आणि दुसऱ्या कुणाला जन्मात सुटायची नाही. मला सर्दी झाली तेव्हा त्यांनी ओव्याची पुरचुंडी दिली होती. मी नखं मोडली, दात लावले, शेवटी कात्रीनं कापली. काकू म्हणाल्या, "मी विळीवर धरते." लग्नाला इतकी वर्षं झाली तरी काकूंना ती गाठ शिकवलेली नव्हती.

आणि एक प्रश्न. जिन्यात भेटले की अधूनमधून थांबून ते मला विचारायचे, "तुमचं गाव कोणतं हो?" मी म्हणायची, पुणे. मग ते म्हणायचे, "पुण्याचे लोक हुशार. पण किरायदार म्हणून बेकार." आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा तोच प्रश्न, तोच शेरा, तेच मिश्कील डोळे. मला वाटायचं, म्हातारा मुद्दाम डिवचतोय. मीही पुण्याची, मीही दर वेळी तितक्याच जोरात "पुणे!" म्हणून जिना चढायची.

धाकट्या लेकीचं लग्न ठरलं आणि मालकांना नवं वेड लागलं. आबिड्सच्या एका दुकानात त्यांनी बटणांची तिजोरी पाहिली. किल्ली नाही, भोक नाही, नुसते आकडे. ज्या माणसाचा जन्म किल्ल्यांत गेला तो किल्ली नसलेल्या कुलपावर भाळला, याचं मला नवल वाटलं. पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "किल्ली कुणी बी उचलतंय. डोक्यातला आकडा कोण उचलंल?"

तिजोरी आली तेव्हा गल्लीतली माणसं फाटकाशी जमली. टाय लावलेला एक इंजिनियर तिच्याबरोबर होता. त्यानं दाराच्या आतल्या बाजूचा पत्रा स्क्रू काढून उघडला, बॅटऱ्या बसवल्या, वायरी जोडल्या. मालक अगदी नाक लावून बघत होते. पत्र्यामागची पोकळी पाहून हळहळले, "इत्ती जागा खाली-पीली वाया!" इंजिनियर हसला. आम्हीही हसलो.

मग घरात एक नवा रिवाज सुरू झाला. मालक आकडा दाबायला लागले की खोलीत जो असेल त्यानं भिंतीकडे तोंड करायचं. काकू, लेक, यादम्मा, अगदी मीसुद्धा. कपाटाच्या आरशावर टॉवेल टाकायचा. पिप, पिप असे आवाज यायचे, दार उघडल्याचा खट्ट आवाज यायचा आणि मालक म्हणायचे, "हं, फिरा." मला पहिल्यांदा शाळेतल्या शिक्षेची आठवण झाली. पण त्या घरात कोण काय म्हणणार? सगळे फिरायचे. यादम्मा तर फडकं हातात तसंच धरून फिरायची आणि भिंतीला म्हणायची, "बोल गे दीवार, साब का नंबर क्या है?" मालकसुद्धा गालात हसायचे.

तिजोरीत मुख्य वस्तू एकच, पुतळ्यांची माळ. मालकांच्या आजीची. घराण्यातली प्रत्येक मुलगी बोहल्यावर ती घालून उभी राहिलेली. थोरलीच्या गळ्यात पडून परत आली होती आणि आता धाकटीच्या लग्नाची वाट पाहत होती.

दिवाळीला मालकांनी तिजोरी पाहायला सगळ्या भावकीला बोलावलं. नांदेडचे आले, काचीगुड्याचे आले. जो येईल त्याला भिंतीकडे तोंड करायला लावून ते तिजोरी उघडून दाखवत. लक्ष्मीपूजनाला काकूंनी तिजोरीच्या दारावर तेलात कालवलेल्या कुंकवानं स्वस्तिक काढलं आणि प्रत्येक बटणाला हळदीकुंकू वाहिलं. वर पळीभर पाणी. तिजोरी पिप्प करून ओरडली. काकू म्हणाल्या, "पावली बगा!"

दिवाळीनंतर मात्र ती वेळी-अवेळी ओरडू लागली. कुणी हात न लावता पिप. कधी आकडा दाबला की उघडायची, कधी नुसतीच कुरकुरायची. मालक दिवसभर अस्वस्थ असत. "कुणीतरी बोटं लावायलंय हिला," असं एकदा माझ्याजवळ बोलले. मी ते मनावर घेतलं नाही. मालकांना तर साखरेच्या डब्यालाही कुणीतरी बोटं लावतंय असं वाटे.

एके दिवशी सकाळी मी शाळेला निघाले होते. खालून मालकांचा आवाज आला. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. धावत खाली गेले तर तिजोरी सताड उघडी, काकू दाराला धरून उभ्या, आणि फरशी पुसता पुसता थांबलेली यादम्मा ओलं फडकं हातात घेऊन मालकांकडे बघत होती.

माळ तिजोरीत नव्हती.

"नंबर माझ्याबिगर कुणाला ठाऊक नाही," मालक ओरडत होते. "मग माळ गेली कशी? ह्या खोलीत फरशी पुसायला रोज कोण येतंय? हे कुलूप ओरडायलंय ते उगाच? कुणीतरी बटनं दाबून दाबून बिघडवलंय त्याला!"

यादम्माला आधी कळलंच नाही की हे तिच्याबद्दल आहे. मग कळलं. "मैं?" ती म्हणाली. "साब, मैं?"

मालक नुसते तिच्याकडे पाहत राहिले.

मग तिनं जे केलं ते मी अजून विसरलेले नाही. तिनं फडकं खाली ठेवलं, कमरेला खोचलेला पदर सोडला, कनवटीला बांधलेलं सोडलं आणि सगळं फरशीवर झटकलं. सुपारीचं खांड, पानाचा तुकडा, केसांतला आकडा. एवढंच पडलं. "देख लेव साब," ती म्हणाली. ज्या बाईनं या घरातल्या लेकरांची दुपटी धुतली, तिच्यावर ही वेळ यावी!

काकू रडायला लागल्या. "मालक, आसं नका बोलू. सोन्यासारखी बाई हाय ती."

"सोन्यासारखी हाय म्हणूनच सोनं ओळखतीय," मालक म्हणाले.

मी न राहवून मध्ये पडले. "मालक, काही पुरावा नसताना तुम्ही असं कसं म्हणू शकता?"

"तुम्ही किरायदार," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "वर राहायचं. खालच्यात बोलायचं नाही. रविवारी इंजिनियरला बोलावतो. तो उघडून सांगंल कुलपाला कुणी हात लावला ते. मग ठाण्यात जाऊ."

यादम्मा ती सुपारी गोळा न करताच निघून गेली.

बरकतपुऱ्यातल्या गल्लीत बातमी पोचायला किती वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक. यादम्मा आणखी काही घरी भांडी घासायची. तिथे तिला सांगण्यात आलं, सध्या येऊ नको. तिच्या वस्तीत नळावर बायकांनी आपल्या घागरी बाजूला सरकवल्या. हे तिनंच मला सांगितलं, मी तिला शोधत तिच्या घरी गेले तेव्हा. ती उंबऱ्यात बसली होती. मला वाटलं होतं शिव्या देईल, मालकांचा उद्धार करील. ती म्हणाली, "टीचरम्मा, मेरे मरद के मरने पे बी मैं इत्ता नै डरी. चोर का नाम लगा तो कोन घर में लेता?" मी म्हटलं, रविवारी येऊ नकोस. ती म्हणाली, "आती मैं. सबके सामने खुलने देव."

रविवारी सकाळी मालकांच्या त्या खोलीत आम्ही जमलो. काकू, धाकटी लेक, मी. मालक खुर्चीवर, कोर्टात बसल्यासारखे. यादम्मा आली आणि दाराजवळ उभी राहिली. धुतलेलं लुगडं नेसून आली होती, सणाला नेसतात तसं.

तोच टायवाला इंजिनियर आला. मालकांनी आम्हाला सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि आकडा दाबला. बऱ्याच खेपांनंतर दार उघडलं. इंजिनियरनं बटणांची पट्टी काढली आणि तो मोठ्यानं हसला. "साब, ये क्या करे आप लोगां? पूरा कुंकू भरा है इसमें. तेल बी है. पूजा किये क्या इसकी?"

काकू लाजून म्हणाल्या, "लक्ष्मी हाय ना बाबा ती."

धाकट्या लेकीला हसू फुटलं. मलाही सुटल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "बघा मालक, कुणी हात लावला नव्हता. पूजेनं बिघडली."

"तो तसं कुठं म्हणाला?" मालक म्हणाले. "काय हो, कुणी बटनं दाबली नाहीत असं तुम्ही सांगू शकता?"

इंजिनियर गोंधळला. "वो तो मैं कैसा बोल सकता साब?"

"ऐकलं?" मालक आमच्याकडे वळले. "सांगू शकत नाही म्हणतोय." यादम्मा जागची हलली नाही.

इंजिनियरनं बटणांची नवी पट्टी जोडली, ऐटीत म्हणाला, "अब देखो," आणि तिजोरी पिप्प करून ओरडली. त्यानं पुन्हा जोडली. पुन्हा ओरडली. त्यानं टाय सैल केला. "अंदर वायर दबी है क्या की," असं पुटपुटत त्यानं दाराच्या आतल्या पत्र्याचे स्क्रू काढायला घेतले. शेवटचा स्क्रू निघाला, पत्रा कलला आणि आतून काहीतरी घसरत येऊन धप्पकन फरशीवर पडलं.

पुरचुंडी होती. जुन्या धोतराच्या पट्टीची.

इंजिनियरच तेवढा बोलला, "अरे, इसके वजन से वायर दब री थी साब! कौन रखा इसको?"

मालक खुर्चीतून उठले, पुरचुंडीकडे वाकून पाहिलं आणि सरळ यादम्माकडे वळले. "ही इथं तू ठेवलीस?"

मी त्यांचा चेहरा बघत होते. मला वाटलं होतं तिथे खजील भाव दिसेल, निदान सारवासारव दिसेल. काहीही नव्हतं. ते खरंच विचारत होते. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, "मालक, गाठ बगा."

त्यांनी पुरचुंडी उचलली. बोटांनी एक टोक धरलं, ओढलं, आणि ती गाठ, जी आमच्यापैकी कुणाला जन्मात सुटली नव्हती, फटकन सुटली. धोतराची पट्टी उलगडली आणि त्यांच्या तळहातावर पुतळ्यांची माळ पसरली.

दिवाळीत त्यांनी साऱ्या भावकीला तिजोरी दाखवली होती. मग सगळ्यांना तिजोरी कुठे आहे ते कळलं म्हणून घाबरले असणार, आणि तिजोरीतली माळ तिजोरीच्याच दारात लपवली असणार. स्क्रू काढून, लावून. हे सगळं आम्ही नंतर जुळवलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण माझ्या मनात आली आणि मला माझीच शरम वाटली. कारण मालक माळेकडे बघतच नव्हते. ते स्वतःच्या बोटांकडे बघत होते.

"मला आठवत नाही," ते म्हणाले. मग लहान मुलासारखे काकूंना म्हणाले, "मला कायबी आठवत नाही गं."

"तुमचं गाव कोणतं हो?" जिन्यातला तो प्रश्न माझ्या कानात वाजला. दर वेळचा तोच प्रश्न, तोच शेरा. म्हातारा डिवचत नव्हता. दर वेळी तो पहिल्यांदाच विचारत होता. आणि मी दर वेळी ठसक्यात उत्तर देऊन वर निघून जात होते.

इंजिनियर बिचारा आपलं काम करत राहिला. जुनं कुलूप खराब झालं होतं. त्यानं नवं बसवलं. सगळं लावून झाल्यावर म्हणाला, "साब, नया नंबर डालो. और किसी को नक्को बोलो."

इतक्या दिवसांची सवय. आम्ही सगळे भिंतीकडे वळलो. काकूंनी आरशावर टॉवेल टाकला. यादम्माही वळली. मी आणि ती शेजारी शेजारी, तोंड चुन्याच्या भिंतीला. आता पिप पिप ऐकू येईल म्हणून आम्ही थांबलो. आलं नाही. कितीतरी वेळ आलं नाही.

"यादम्मा," मालकांचा आवाज आला. "इकडं बघ. मी नंबर टाकतो, तू बघून ठेव. मी इसरंन. तू ध्यानात ठेव."

मी हळूच तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भिंतीवरून हलले नव्हते.

"नक्को साब," ती म्हणाली. "कल और कुछ गुमा तो?"

तिच्या आवाजात राग नव्हता. भाजीवाल्याला भाजी नको म्हणावं तसं ती म्हणाली, आणि म्हणूनच ते ऐकवेना. माझ्या दुसऱ्या बाजूला धाकटी लेक हुंदका आवरत होती.

मग किल्ल्यांचा आवाज जवळ आला. मालक आमच्या रांगेत येऊन, यादम्माच्या पलीकडे, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "चुकलं माझं," भिंतीकडेच बघत ते म्हणाले. मग ते काकूंना म्हणाले, "तुमी टाका नंबर. तुमच्याच मनचा."

लग्नापासून कुलपांच्या या बाजूला राहिलेल्या काकू पुढे झाल्या आणि एक एक बटण दाबू लागल्या. पिप. पिप. त्यांचं होईपर्यंत आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे होतो.

दुसऱ्या दिवशी मालक डोक्यावर टोपी घालून गल्लीत निघाले. प्रत्येक घरी जाऊन त्यांनी सांगितलं, "माळ माझ्याकडंच होती. यादम्माचा काय संबंध नाही." कुठे सांगून झालं आणि कुठे नाही हे त्यांच्या ध्यानात राहीना, त्यामुळे काही घरी ते पुन्हा गेले. लोकांनी पुन्हा ऐकून घेतलं. यादम्माला तिची घरं परत मिळाली. धाकटी लेक माळ घालून बोहल्यावर उभी राहिली, तेव्हा तिला सजवायला काकूंनी यादम्मालाच बोलावून आणलं होतं.

ती कामावरही परत आली, पण एका अटीवर. "वो कमरे में मैं नै आती." काकूंनी खूप समजावलं. ती ऐकेना. तेव्हापासून आम्ही तिथे होतो तोवर त्या खोलीचा झाडू मालक स्वतः मारत. ज्या माणसानं कधी पाण्याचा पेला विसळला नाही, तो कमरेचा जुडगा वाजवत, वाकून, कोपरे झाडत असायचा. यादम्मा उंबऱ्याबाहेर उभी राहून बघायची. "उधर रह गया साब, खटिया के नीचे," म्हणायची. मालक मुकाट्यानं तिथे झाडायचे.

पुढे ह्यांची बदली झाली आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. निघायच्या दिवशी मी खाली निरोप घ्यायला गेले. काकूंनी हातावर दही-साखर घातली. साखरेच्या डब्याची कडी नुसती लोंबत होती, कुलूप नव्हतं. मालक त्या खोलीत झाडत होते. मी आत जाऊन वाकून नमस्कार केला. ते झाडू धरून सरळ झाले, माझ्याकडे निरखून पाहू लागले, आणि त्यांचा एक हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला.

"ह्या कोण?" त्यांनी विचारलं.

मी "पुणे" म्हणायची तयारी करून आले होते. तीही उपयोगाची नव्हती.

"ऊपरवाली टीचरम्मा है साब," उंबऱ्याबाहेरून यादम्मा म्हणाली. "पूना की. जा रे वो लोगां."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग उंबऱ्याकडे पाहिलं. किल्ल्यांवरचा हात खाली आला.

"यादम्मा म्हणतीय ना," ते म्हणाले, "मग हौ, तसंच आसंल." आणि ते पुन्हा वाकून झाडू लागले.